विद्यापीठ ग्रंथालयाची नवी ऑनलाइन सूची: नव्या वाचकाने पुस्तक कसं शोधावं

कळवण-सुरगाण्याहून एसटीने नाशिकला यायचं, सीबीएसवर उतरून पुढची बस धरायची, विद्यापीठ गाठायचं आणि देवघेव काउंटरवर ऐकायचं, 'पुस्तक बाहेर गेलंय, परत आल्यावर या.' ऑनलाइन सूचीचा सगळ्यात रोकडा उपयोग हा, की हे वाक्य निघण्याआधी घरीच फोनवर वाचता येतं. पण त्यासाठी सूचीत शोधायचं कसं ते माहीत हवं, आणि नवे विद्यार्थीच काय, नवे प्राध्यापकही तिथेच अडतात.

आधी एवढं समजून घ्या

ग्रंथालयातली मंडळी या सूचीला 'ओपॅक' म्हणतात. पूर्वी हेच काम लाकडी ड्रॉवरमधली कार्डं करायची. एकाच पुस्तकाचं एक कार्ड लेखकाच्या नावाने, दुसरं शीर्षकाने, तिसरं विषयाने. आता एकच नोंद असते आणि तिच्यातल्या जवळपास कुठल्याही शब्दावरून तिच्यापर्यंत पोचता येतं. नोंदीत शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं, वर्गांक (विषयावरून दिलेला आकडा), दोन-तीन विषय आणि प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाने त्या एका प्रतीला दिलेला स्वतंत्र क्रमांक) एवढंच असतं. पुस्तकाच्या आतला मजकूर नसतो. बहुतेक नोंदींत अनुक्रमणिकाही नसते.

गूगलची सवय झालेला माणूस इथे येऊन 'नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या आणि उपाय' असं अख्खं वाक्य टाइप करतो. सूची शून्य निकाल दाखवते, आणि तो निघून जातो. प्रत्यक्षात कांद्याच्या बाजारपेठेवरचं पुस्तक कपाटात असू शकतं. सूचीला प्रश्नाचा अर्थ कळत नाही. नोंद करणाऱ्याने जी अक्षरं टाइप केली तेवढीच तिला ठाऊक असतात. म्हणून शोधताना डोक्यात एकच गोष्ट ठेवा: हे पुस्तक हातात धरून संगणकासमोर बसलेल्या माणसाने काय टाइप केलं असेल? खालचं जवळजवळ सगळं त्यातूनच येतं.

सूची चालवणारी संगणक प्रणाली कुठलीही असो, हे बदलत नाही. आपल्याकडे विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मुख्यतः तीन नावं ऐकू येतात: न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, २००० पासून वापरात असलेली मुक्त प्रणाली कोहा, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या गांधीनगरच्या केंद्राचं सोल, आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय. मी इथे कोहाचा पडदा डोळ्यांसमोर ठेवून सांगते. दुसरीकडे बटणांच्या जागा बदलतील, इतकंच.

लॉगिन लागतं का?

नुसतं शोधायला लागत नाही. पत्ता उघडा आणि शोधा. आरक्षण करायचं, मुदत वाढवायची, स्वतःच्या नावावर काय आहे ते पाहायचं, तेव्हाच लॉगिन लागतं. युजरनेम म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रंथालय कार्डावरचा क्रमांक. पहिला पासवर्ड काउंटरवरून मिळतो. तो त्याच दिवशी बदला. वाचनकक्षातल्या सार्वजनिक संगणकावर लॉगिन केलंत तर उठताना लॉगआउट करा, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या नावावर आरक्षणं करून ठेवतो. बहुतेक वेळा त्यालाही ते कळत नाही.

पहिला शोध: दोन शब्द, जास्त नाही

वर एक लांब चौकट दिसेल आणि तिच्या शेजारी एक यादी: सर्वत्र, शीर्षक, लेखक, विषय, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), कॉल नंबर (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक). सुरुवातीला यादी 'सर्वत्र'वरच राहू द्या. चौकटीत लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातला एक ठळक शब्द, एवढंच टाका. शब्दांचा क्रम महत्त्वाचा नाही. पण टाकलेला प्रत्येक शब्द नोंदीत असावा लागतो, म्हणून जितके शब्द वाढवाल तितकी शून्य निकालाची शक्यता वाढते.

आद्याक्षरं टाळा. 'वि.वा.' जोडून लिहिलंय की 'वि. वा.' असं मध्ये जागा सोडून, की पूर्ण 'विष्णु वामन', हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. 'शिरवाडकर' पुरे. आडनाव पाटील, जोशी, कुलकर्णी असेल तर मात्र शीर्षकातला शब्द हवाच, नाहीतर निकालांची पानंच्या पानं चाळावी लागतील. 'डॉ.', 'प्रा.', 'संत', 'महात्मा' या उपाधीही गाळा.

टोपणनावांचा प्रश्न नाशिककरांना तरी समजावून सांगायला नको. कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने. सूचीत दोन्ही नावांना जोडणारा दुवा असला तर एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. तो दुवा ग्रंथपालाला स्वतः करून ठेवावा लागतो, आणि जुन्या प्रणालीतून हजारो नोंदी घाईघाईने नव्या प्रणालीत आणल्या असतील तर तो नसण्याचीच शक्यता जास्त. टोपणनाव असलेला लेखक शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

मराठी पुस्तक सापडत नाही, तेव्हा

या भागावर जरा रेंगाळते, कारण नव्या सूचीबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

पहिला प्रश्न लिपीचा. काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकाची नोंद देवनागरीत असते, काहींत रोमन अक्षरांत, आणि बऱ्याच ठिकाणी सरमिसळ: जुन्या खरेदीची रोमनमध्ये, अलीकडची देवनागरीत. आधी देवनागरीत शोधा, मिळालं नाही तर इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीत लिहिताना गोदावरीतला 'व' कुणी 'व्ही'ने लिहितं तर कुणी 'डब्ल्यू'ने, आणि 'आ'साठी एक 'ए' की दोन, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दोन्ही करून पाहा. आपल्या गावाचंच घ्या. जुन्या इंग्रजी पुस्तकांत नाशिकच्या स्पेलिंगमध्ये 'एच' नाही. १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे, आणि त्याच्या शीर्षकात 'एच'शिवायचं स्पेलिंग आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर जिल्ह्यावरचा हा सगळ्यात उपयोगी जुना ग्रंथ हुकू शकतो.

दुसरा प्रश्न शुद्धलेखनाचा. नोंद करताना शीर्षक पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानावर आहे तसंच उतरवायचं, असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. पण मराठी लेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कवि', 'संस्कृति', 'पद्धति', 'गुरु' असतं. नंतरच्यांवर 'कवी', 'संस्कृती', 'पद्धती', 'गुरू'. न उच्चारले जाणारे अनुस्वार वेगळेच: 'मराठ्यांचें', 'केलेलें', 'कांहीं'. आजच्या पद्धतीने टाइप केलेला शब्द या नोंदींशी जुळत नाही.

यावर उपाय म्हणजे तारा, अर्थात फुलीसारखं ते * चिन्ह. 'संस्कृत*' असं लिहिलंत की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द येतात: संस्कृति, संस्कृती, संस्कृतीचा. सोबत 'संस्कृत'ही येतं, ते डोळ्यांनी गाळायचं. मराठीत तारा जास्त लागतो, कारण आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो आणि चिकटवताना शब्दच बदलतो. 'कांदा' शोधलं तर 'कांद्याची साठवणूक' निसटतं. 'कांद*' दोन्ही पकडतं. 'द्राक्ष*' टाकलं की द्राक्षे, द्राक्षांवरील, द्राक्षबाग, सगळं येतं. 'नाशिक*' लिहिलंत तर 'नाशिकचा' मिळेल पण 'नाशकातील' मिळणार नाही. त्यासाठी 'नाश*' लिहा, आणि निकालात 'नाशवंत शेतमाल' दिसला तर दचकू नका. या जिल्ह्यात तेही वाचण्यासारखं आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. 'शेतकऱ्या', 'दऱ्या' यांतला 'ऱ्य' संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. पडद्यावर सारखाच दिसतो, आतून वेगळा असतो. तुमच्या फोनचा कळफलक एका प्रकारे टाइप करतो, नोंद दुसऱ्या प्रकारे झालेली असते आणि दोन्ही जुळत नाहीत. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' शोधायचा असेल तर पहिल्या शब्दाच्या वाटेला जाऊच नका. त्यात 'ऱ्य' आहे, शिवाय काही आवृत्त्यांवर 'शेतकऱ्यांचा' असं अनेकवचन आहे. नुसतं 'असूड' टाका, नाहीतर 'अस*' आणि जोडीला 'फुले'. शीर्षकातला जो शब्द एकाच तऱ्हेने लिहिता येतो आणि इतर शीर्षकांत फारसा येत नाही, तो निवडायचा. एवढी एक सवय लागली तरी काम बरंच सोपं होतं.

कधी निकालात मराठीऐवजी तुटकी अक्षरं, कंस आणि भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर मराठी सारखीच साठवायची पद्धत, येण्याआधी ती नोंद जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झालेली असते. अशी नोंद मराठी शब्दाने सापडणं शक्यच नाही. आयएसबीएन असेल तर त्यावरून शोधा (२००७ पासूनचा तेरा आकडी, आधीचा दहा आकडी), किंवा कॉल नंबरवरून. हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. मराठी अंक टाकले तर बहुतेक सूच्या ओळखत नाहीत.

जुन्या पुस्तकावर शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८५० म्हणजे साधारण १९२८. नोंदीत बहुधा इसवी सन असतं.

पुस्तक ठरलेलं नाही, विषय ठरलाय

समजा, काळाराम मंदिर सत्याग्रहावर प्रकल्प लिहायचा आहे. २ मार्च १९३० रोजी नाशकात सुरू झालेला लढा, म्हणजे साहित्य भरपूर असणार. 'काळाराम सत्याग्रह' असं शोधलंत तर हाती एखाददुसरं पुस्तक लागेल, कदाचित काहीच नाही. कारण या सत्याग्रहाची बरीचशी हकीकत चरित्रांच्या आणि इतिहासांच्या मधल्या प्रकरणांत आहे, आणि प्रकरणं सूचीला दिसत नाहीत.

म्हणून एक पायरी वर चढा. हा लढा कुणी लढवला? डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड. आता यादीत 'विषय' निवडून 'आंबेडकर' टाका, मग 'गायकवाड'. दादासाहेबांचं नाव भाऊराव, तेही करून पाहा. आणखी एक पायरी: अस्पृश्यता, मंदिर प्रवेश, दलित चळवळ. मग ठिकाण: नाशिक, दोन्ही स्पेलिंगांनी. या सगळ्यांतून एक तरी चांगलं पुस्तक हाती लागतंच.

तसं एक सापडलं की नवा शब्द टाइप करणं थांबवा आणि त्या नोंदीतल्या 'विषय' ओळीवर बोट ठेवा. तिथले शब्द दुवे असतात. दाबलं की त्याच विषयाखाली नोंदवलेली सगळी पुस्तकं येतात, मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही. आपल्याकडे मराठी पुस्तकांनाही विषय पुष्कळदा इंग्रजीतच दिलेले असतात. त्यामुळे तुमच्या मराठी शब्दाला न सापडलेलं मराठी पुस्तक या वाटेने सापडतं. माझ्या मते सूचीतलं सगळ्यात कामाचं बटण हेच, आणि सगळ्यात कमी दाबलं जाणारंही.

निकाल जास्त आले तर डाव्या बाजूच्या गाळण्या वापरा: भाषा, वर्ष, फक्त उपलब्ध असलेली. फोनवर त्या एका बटणामागे दडलेल्या असतात. 'फक्त उपलब्ध' ही गाळणी सुरुवातीलाच लावू नका; बाहेर गेलेलं पुस्तकही आरक्षित करता येतं.

नोंद उघडली, आता काय वाचायचं

खाली प्रतींचा तक्ता असतो. त्यातल्या तीन गोष्टी पाहा: स्थिती, जागा आणि कॉल नंबर. 'उपलब्ध' म्हणजे आत आहे. 'बाहेर' असेल तर शेजारी परत येण्याची तारीख दिसते. 'घरी नेण्यासाठी नाही' असं असेल तर तो संदर्भग्रंथ आहे किंवा वाचनकक्षातच वाचायची प्रत. त्यासाठी दिवस काढून या. पाच प्रतींपैकी एक संदर्भ विभागात आणि चार देवघेवीत असं नेहमी असतं, म्हणून पहिलीच ओळ वाचून परत फिरू नका. जागाही नीट वाचा. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाच्या किंवा उपकेंद्राच्या ग्रंथालयातलं पुस्तक त्याच सूचीत दिसतं, पण ते तुमच्या समोरच्या कपाटात नसतं.

'उपलब्ध' दिसतंय आणि कपाटात नाही, असंही होतं. कुणीतरी टेबलावर वाचत बसलेलं असतं, परत आलेलं पुस्तक ट्रॉलीवर असतं, किंवा वाचून झाल्यावर एखाद्याने आपल्या अंदाजाने भलत्या रांगेत खोचलेलं असतं. आधी ट्रॉली पाहा, मग आजूबाजूची टेबलं, मग काउंटर.

कॉल नंबर घेऊन कपाटापर्यंत

कॉल नंबरचा फोटो काढून ठेवा. तोंडपाठ राहत नाही. बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण असतं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक ठरलेला आकडा. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यात ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ मध्ये. आकड्याखाली लेखकाच्या नावाची पहिली अक्षरं असतात.

नवखे चुकतात ते दशांशावर. टिंबापुढचे आकडे पूर्ण संख्या म्हणून वाचायचे नाहीत, एकेक आकडा वाचायचा. ३३१.१२ हे ३३१.२ च्या आधी येतं, आणि ३३१.०२ त्याच्याही आधी. 'बारा दोनपेक्षा मोठे' असा हिशेब केलात तर चुकीच्या रांगेत उभे राहाल.

एकाच विषयाची पुस्तकं एकाच कपाटात असतील असंही समजू नका. वरच्या सत्याग्रहाचंच पाहा: सामाजिक स्तरांवरचं पुस्तक ३०५.५ मध्ये, महाराष्ट्राच्या इतिहासाचं ९५४.७९२ मध्ये, चरित्र ९२० किंवा ९२३.२ मध्ये. मजलेही वेगळे असू शकतात. नोंदीत 'शेल्फ पाहा' असा दुवा असेल तर तो दाबा: त्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तकं पडद्यावर दिसतात. गावी बसून कपाट चाळायची ही एकच सोय आहे.

आरक्षण आणि मुदतवाढ

लॉगिन करून 'आरक्षण' दाबलंत की पुस्तक परत आल्यावर ते तुमच्यासाठी बाजूला ठेवलं जातं आणि निरोप येतो. त्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल चालू हवा. प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिला असेल तर आधी तो बदलून घ्या. बाजूला ठेवलेलं पुस्तक ठरावीक दिवसच थांबतं, नंतर पुढच्या माणसाला जातं.

मुदतवाढ शेवटच्या तारखेच्या आधीच करा. त्या पुस्तकावर दुसऱ्या कुणाचं आरक्षण असेल तर सूची मुदत वाढवून देत नाही. त्यावर काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो. तिथल्या माणसाच्या पडद्यावरही तेच आलेलं असतं. दंड किती साचलाय तेही याच पानावर दिसतं, आणि परीक्षेनंतर 'नो ड्यूज' घ्यायच्या दिवशी पहिल्यांदा पाहण्यापेक्षा ते महिन्यातून एकदा पाहिलेलं बरं.

सूचीत जे मिळणार नाही

नियतकालिकातला एखादा लेख इथे सापडत नाही. नियतकालिकाचं नाव आणि कोणते अंक आहेत एवढंच सापडतं. पीएच.डी.चे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर पाहा. तिथे पूर्ण मजकूर विनामूल्य वाचता येतो. दुसऱ्या विद्यापीठात पुस्तक आहे का, हे इंडकॅट या एकत्रित सूचीवर कळतं. आणि जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना', १८४० पासूनचं आहे. त्याचं सभासदत्व वेगळं. विद्यापीठाच्या सूचीत तिथली पुस्तकं दिसत नाहीत.

पुस्तक कुठेच नसेल तर लॉगिन करून 'खरेदीसाठी सुचवा' भरा. नुसतं नाव नको. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत आणि कोणत्या अभ्यासक्रमासाठी हवंय तेही लिहा. अर्धवट सूचना मागे पडते.

नोंद चुकलेली दिसली तर

नव्या सूचीत पहिली काही वर्षं चुका निघत राहतात: आडनाव चुकलेलं, दोन लेखक एकात मिसळलेले, हरवलेलं पुस्तक 'उपलब्ध'. वाचकाने सांगितल्याशिवाय त्या कळत नाहीत, कारण ग्रंथालयातलं कुणी प्रत्येक नोंद उघडून पाहत नाही. काउंटरवर चिठ्ठी द्या किंवा सूचीच्या पानावरून ईमेल करा. त्यात काय चुकलंय आणि काय हवं, हे एका ओळीत लिहा, आणि दाखल क्रमांक आठवणीने घाला. नुसतं शीर्षक दिलंत तर तीन आवृत्त्या आणि अकरा प्रतींमधली नेमकी कोणती, हे शोधण्यातच दुपार जाते.